धमनीच्या भिंतीतली धग

रक्तवाहिनी हा नळ, कोलेस्टेरॉल हा त्या नळात साचणारा क्षार आणि म्हातारपण ही त्या नळाची ओघाने येणारी झीज, अशी समजूत सुशिक्षित घरांतही इतकी पक्की बसली आहे की ‘ब्लॉकेज किती टक्के?’ हाच हृदयविकाराविषयीचा पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न ठरतो. ही समजूत सर्वस्वी खोटी नाही. परंतु ती उथळ आहे आणि तिच्या उथळपणाची किंमत अशी माणसे मोजतात, ज्यांच्याकडे मोजायला फारसे काही नसते. नळ स्वतःची डागडुजी करत नाही, संकट ओळखत नाही, मदतीला कोणाला हाक मारत नाही. धमनीची भिंत ही तिन्ही कामे जन्मापासून मरेपर्यंत करते आणि तिचे वार्धक्य मोठ्या प्रमाणात याच कामांतून घडते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की रक्तवाहिनीचे वय केवळ सरलेल्या वर्षांनी ठरत नाही. तिच्या भिंतीत बचावासाठी पेटलेली आग किती वेळा पेटली आणि किती वेळा नीट विझली, यावर ते ठरते. वैद्यकात या आगीला ‘दाह’ म्हणतात. कोलेस्टेरॉल हे तिचे सरपण आहे, यात शंका नाही. पण सरपणाच्या ढिगाकडे बोट दाखवून जाळाचे स्पष्टीकरण पूर्ण होत नाही.

हे प्रतिपादन तपासून पाहण्यास सुरत जिल्ह्यातील कामरेज हे ठिकाण विशेष उपयोगी पडते. तापीकाठच्या या तालुक्यात, मुंबई–अहमदाबाद महामार्गाच्या दोन्ही अंगांना, अगदी भिन्न प्रकारे जगणारी शरीरे एकाच हवेत श्वास घेतात : हिऱ्याच्या घंटीसमोर दिवसभर बसणारा कारागीर, रात्री ट्रक हाकणारा चालक आणि नंदुरबार, धुळे, डांग या भागांतून दर हंगामाला उसाच्या फडात उतरणारा मजूर. नळाची उपमा या तिघांपैकी पहिल्या दोघांबद्दल थोडेफार बोलते. तिसऱ्याबद्दल तिला काहीच सांगता येत नाही.

१. नळाची उपमा कोठे फसते

पहिली अडचण जागेची आहे. एका माणसाच्या सर्व धमन्यांतून एकच रक्त वाहते, त्यातील कोलेस्टेरॉलचे प्रमाणही एकच असते; तरीही मेदयुक्त गाठी सर्वत्र सारख्या पसरत नाहीत, तर जेथे धमनी दुभंगते किंवा वळण घेते, तेथेच त्या प्रथम आणि दाट दिसतात. सरळ भागात रक्त एका दिशेने सुरळीत वाहते आणि भिंतीच्या आतल्या पेशी प्रवाहाच्या दिशेने लांबट होऊन शिस्तीत रचल्या जातात. फाट्यापाशी प्रवाह घोटाळतो, मागेपुढे होतो आणि तेथील पेशी सततच्या सावधगिरीच्या अवस्थेत राहतात. क्षार पाण्यात किती आहे यावर नळाचा गाळ ठरत असेल. धमनीत मात्र भिंतीची मनःस्थितीच म्हणावी अशी एक गोष्ट निर्णायक ठरते.

दुसरी अडचण आकाराची आहे. सिमूर ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की हृदयधमनीत गाठ वाढू लागली की धमनी बाहेरच्या बाजूने फुगून तिला जागा करून देते आणि गाठीने आतल्या क्षेत्राचा सुमारे ४० टक्के भाग व्यापेपर्यंत रक्ताची वाट प्रत्यक्षात अरुंद होत नाही. म्हणजे ज्या काळात रोग मुकाट्याने वाढत असतो, त्या काळात ‘ब्लॉकेज’ दिसतच नाही. हृदयविकाराचे अनेक झटके पूर्वी फारशी अरुंद न झालेल्या जागीच येतात, कारण तेथील गाठीवरचे आवरण आतून कुरतडले जाऊन फाटते आणि त्यावर क्षणात रक्ताची गुठळी बसते.

तिसरी अडचण उपचाराची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘करेज’ या चाचणीत स्थिर स्वरूपाच्या हृदयविकाराच्या २,२८७ रुग्णांवर आणि २०२० मधील ‘इस्केमिया’ या चाचणीत ५,१७९ रुग्णांवर असे आढळले की उत्तम औषधोपचारांच्या जोडीला नियोजित अँजिओप्लास्टी अथवा शस्त्रक्रिया केल्याने छातीतले दुखणे कमी होते, परंतु मृत्यूचे प्रमाण त्यामुळे घटत नाही. (झटका चालू असतानाची तातडीची अँजिओप्लास्टी ही वेगळी बाब आहे, ती प्राण वाचवते.) धमनी जर नळच असती, तर तुंबलेली जागा मोकळी करणे एवढ्यानेच आयुष्य वाढायला हवे होते.

२. दाह कसा पेटतो आणि कसा विझतो

धमनीच्या भिंतीचे तीन थर असतात. सर्वांत आत, रक्ताला प्रत्यक्ष स्पर्श करणारा, एकाच पेशीच्या जाडीचा अंतःस्तर असतो. मधल्या थरात स्नायुपेशी आणि ताणून पूर्ववत होणारे तंतू असतात. बाहेरचा थर आधार देतो. हा अंतःस्तर कितीतरी काळ नुसते अस्तर मानला गेला. रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये दाखवले की त्या अस्तराशिवाय धमनी सैल होऊ शकत नाही, कारण सैल होण्याचा निरोप तेच धाडते. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि या संशोधनाला १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निरोगी अंतःस्तर धमनी मोकळी ठेवतो, रक्त गोठू देत नाही आणि पांढऱ्या पेशींना भिंतीला चिकटू देत नाही.

दाहाचा आरंभ या तिसऱ्या कामाच्या बिघाडातून होतो. रक्तातील एलडीएल, म्हणजे कोलेस्टेरॉल वाहून नेणारे सूक्ष्म कण, भिंतीत शिरून अडकतात आणि तेथे त्यांचे रासायनिक रूप पालटते; अंतःस्तर ते परके समजून पृष्ठभागावर चिकट रेणू उभे करतो, जणू दारावर खूण करतो; ती खूण ओळखून रक्तातील पांढऱ्या पेशी थांबतात, आत शिरतात आणि भक्षक पेशी बनून ते कण गिळू लागतात. इथपर्यंतचे सारे हितकारक आहे. परंतु गिळण्याला मर्यादा असते. पोट फुगलेल्या भक्षक पेशी तेथेच मरतात, त्यांच्यातील कोलेस्टेरॉलचे स्फटिक बनतात आणि २०१० मध्ये स्पष्ट झाले त्याप्रमाणे हे स्फटिक पेशीतील एक धोक्याची यंत्रणा चालू करून इंटरल्युकिन-१ बीटा नावाचे प्रथिन सोडायला लावतात. हे प्रथिन इंटरल्युकिन-६ या दुसऱ्या निरोप्याला हाक मारते, तो यकृतापर्यंत जातो आणि यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन रक्तात सोडते, जे रक्ततपासणीत मोजता येते. सरपण आणि जाळ यांची गाठ नेमकी या स्फटिकांपाशी पडते. म्हणून कोलेस्टेरॉल खरे की दाह खरा, हा वाद मुळातच चुकीच्या पायावर उभा आहे.

यापेक्षा महत्त्वाची, आणि सर्वसामान्य चर्चेत जवळजवळ कधीच न येणारी, गोष्ट विझण्याची आहे. पायात काटा मोडला की लाली येते, ठणका लागतो आणि काटा निघाल्यावर चार दिवसांत सारे ओसरते, म्हणून ओसरणे आपोआप होते असा समज होतो. चार्ल्स सेर्हन यांच्या संशोधनाने हा समज मोडला : दाह थांबवण्यासाठी शरीराला स्वतंत्र रेणू बनवावे लागतात, मेलेल्या पेशी उचलाव्या लागतात, डागडुजी करणाऱ्या पेशींना बोलवावे लागते. विझवणे हेही श्रमाचे काम आहे. ज्या भिंतीवर रोज नवा काटा मोडतो, तिला कालची आग विझवण्याची सवडच मिळत नाही.

३. दीडशे वर्षांचा वाद आणि त्याचा निवाडा

हा विचार नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास व्हिएन्नाचे कार्ल रोकितान्स्की असे मानत की धमनीतील गाठी रक्तातून बसलेल्या थरांनी बनतात आणि दाह दुय्यम असतो. रुडोल्फ व्हिर्शो यांनी १८५६ च्या सुमारास याच्या उलट मत मांडले की धमनीच्या आतल्या थराचा दाह हाच मूळ विकार आहे. १९१३ मध्ये निकोलाय अनिचकोव्ह यांनी सेंट पीटर्सबर्ग येथे सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत गाठी उत्पन्न केल्या आणि त्यानंतर बहुतेक विसावे शतक रोकितान्स्कींच्या बाजूने, म्हणजे साचण्याच्या कल्पनेच्या बाजूने, गेले. १९९९ मध्ये रसेल रॉस यांनी धमनीकाठिण्य हा दाहजन्य रोग आहे असे शीर्षकातच ठणकावून लिहिले, तेव्हा व्हिर्शो पुन्हा चर्चेत आले.

परंतु शास्त्रात केवळ जुळणारे वर्णन पुरत नाही. हस्तक्षेप करून पाहावे लागते. २००८ मधील ‘ज्युपिटर’ चाचणीत एलडीएल फारसे वाढलेले नसलेल्या, पण सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन वाढलेल्या १७,८०२ व्यक्तींवर रोसुव्हास्टॅटिन तपासले असता ते घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या घटना ४४ टक्क्यांनी घटल्या. पण हे औषध एलडीएलही उतरवते, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचे हे ठरेना. २०१७ मधील ‘कँटॉस’ चाचणीने तो गुंता सोडवला. झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे केवळ इंटरल्युकिन-१ बीटा अडवणारे औषध तपासले गेले. कोलेस्टेरॉल जसेच्या तसे राहिले आणि तरीही १५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर पुढील घटना १५ टक्क्यांनी कमी झाल्या. जाळ कमी केल्याने, सरपणाला हात न लावताही, नुकसान कमी होते, याचा हा पहिला स्वच्छ पुरावा होता. २०१९ मध्ये कोल्चिसिन या गाउट नावाच्या सांधेदुखीवरील जुन्या, स्वस्त गोळीने, अर्ध्या मिलिग्रॅमच्या मात्रेत, नुकताच झटका येऊन गेलेल्या ४,७४५ रुग्णांत हीच दिशा दाखवली आणि २०२० मध्ये स्थिर हृदयविकाराच्या ५,५२२ रुग्णांत ती आणखी ठळकपणे दिसली.

विरोधी पुरावाही येथेच मांडणे प्रामाणिकपणाचे ठरेल. मेथोट्रेक्सेट हे दाहविरोधी म्हणून प्रसिद्ध असलेले औषध ४,७८६ रुग्णांवर तपासले गेले आणि त्याचा काहीही लाभ झाला नाही. २०२४ मधील मोठ्या चाचणीत, झटक्यानंतर लगेच दिलेल्या कोल्चिसिननेही अपेक्षाभंग केला. कॅनाकिनुमॅब घेणाऱ्यांत जीवघेण्या संसर्गाचे प्रमाण किंचित वाढले. दाह ही एकच बत्ती नाही जी बटण दाबून मालवावी. ती अनेक वाटांची यंत्रणा आहे आणि त्यातील इंटरल्युकिन-१ बीटाकडून इंटरल्युकिन-६ कडे जाणारी वाट धमनीच्या दृष्टीने विशेष घातक दिसते. मेथोट्रेक्सेटने तीच वाट अडवली नव्हती.

४. वर्षे सारखी, वय निराळे

धमनीचे वार्धक्य दोन रूपांनी येते. गाठी हे एक रूप. ताठरपणा हे दुसरे, आणि ते सार्वत्रिक असल्यामुळे अधिक विचारार्ह. महाधमनी ही हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी फुगते आणि मग आक्रसते. त्यामुळे हृदयाचा धक्का मवाळ होऊन रक्त पुढे संथपणे जाते. हे काम इलास्टिन या रबरासारख्या प्रथिनाच्या जोरावर चालते. दिवसाला सुमारे १ लाख ठोके धरले तर साठ वर्षांत ही भिंत २०० कोटींहून अधिक वेळा ताणली जाते. यावरून ‘झिजणारच’ असे सहज म्हटले जाते. परंतु दाहात वावरणाऱ्या पेशी इलास्टिन कापणारी विकरे सोडतात, त्यामुळे हे तंतू तुटण्यामागे ठोक्यांच्या जोडीला ही कात्रीही असते. तुटलेल्या जागी ताठर कोलॅजेन बसते आणि मधल्या थरातील स्नायुपेशी हाडासारखे चुन्याचे कण साठवू लागतात. परिणाम असा की नाडीची लहर, जी तरुण धमनीत सेकंदाला पाच-सहा मीटरने धावते, ती १० मीटरच्या पुढे जाते; वरचे बीपी चढते, खालचे उतरते आणि त्या दोहोंतील वाढत्या अंतराचा मारा मेंदू आणि मूत्रपिंड यांतील नाजूक वाहिन्यांवर बसतो. ७० वर्षांच्या व्यक्तीचे १६०/७० हे बीपी पाहून ‘खालचे तर चांगले आहे’ असे समाधान मानले जाते. वस्तुतः ते उतरलेले खालचे बीपी हीच ताठर महाधमनीची सही असते.

क्लाउडिओ फ्रान्चेस्की यांनी २००० मध्ये वयाबरोबर चढत जाणाऱ्या या मंद, लक्षणहीन दाहाला स्वतंत्र नाव दिले आणि त्याची काही उगमस्थानेही आता माहीत आहेत : विभाजन थांबवूनही न मरणाऱ्या आणि भोवती दाहकारक प्रथिने सोडत राहणाऱ्या म्हाताऱ्या पेशी, पोटाच्या पोकळीतील चरबी, आणि अस्थिमज्जेत एखादा दोष घेऊन वाढत गेलेला पांढऱ्या पेशींचा वंश, जो सत्तरी ओलांडलेल्या दहांपैकी सुमारे एकाच्या रक्तात सापडतो. दाहाने वर्षांना मागे टाकल्याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण मात्र तरुण वयातले आहे. ल्युपस या स्वतःच्याच पेशींवर उलटणाऱ्या प्रतिकारशक्तीच्या रोगात ३५ ते ४४ वयाच्या स्त्रियांना हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नासपटीहून अधिक असल्याचे १९९७ मध्ये आढळले. संधिवाताच्या रुग्णांची जोखीमही सुमारे दीडपट धरली जाते. या रुग्णांचे कॅलेंडर इतरांसारखेच असते.

५. कामरेजच्या पडावावर

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचेच एक छायाचित्र प्रसिद्ध केले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक तंतोतंत सारखा, २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात लपलेली ही चरबी दाहकारक प्रथिनांचा कारखाना असते. त्याआधी १९९९ मध्येच, म्हणजे रॉस यांचा लेख आला त्याच वर्षी, या दोघांच्या गटाने पुण्याच्या पाहणीतून दाखवले होते की दाहाचे हे निरोपे शहरी भारतीयांच्या रक्तात चढलेले आहेत, ग्रामीण भारतीयांच्या रक्तात नाहीत. दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी आणि अन्यत्र सुमारे ५९ व्या वर्षी येतो, या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाच्या निष्कर्षाशेजारी हा निष्कर्ष ठेवला की त्याचे गांभीर्य कळते.

मग कामरेजच्या फडातील मजूर सुरक्षित मानावा काय? तो ग्रामीण आहे, कृश आहे, दिवसभर राबतो. साचण्याच्या सिद्धांताप्रमाणे त्याच्या धमन्या निर्मळ असायला हव्यात. येथे नळाची उपमा सोडून जवळ जाऊन पाहिले पाहिजे. खानदेशातून दक्षिण गुजरातच्या सहकारी साखर कारखान्यांकडे होणाऱ्या या स्थलांतराविषयी यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञांनी बारडोलीच्या परिसरात राहून १९७८ मध्ये लिहिले, आणि मुकादमाची उचल, नवरा-बायकोच्या जोडीला हत्याराचेच ‘कोयता’ हे नाव, शेताकडेची पडाव म्हणवणारी वस्ती, या त्या चित्रातील मुख्य रेषा आजही पुसल्या गेलेल्या नाहीत. कामरेज तालुक्यातही सहकारी साखर कारखाना आहे आणि हंगामात त्याच्या परिसरातील शेतांच्या कडेला कळकाच्या कमानींवर काळे-निळे प्लास्टिक ओढलेली पाले उभी राहतात.

पहाटे, अजून काळोख असताना, पालाच्या तोंडाशी तीन दगडांची चूल पेटते. सरपण म्हणून काटक्या आणि वाळलेले पाचट. पाचट भसकन पेटते, क्षणात विझते आणि पुन्हा फुंकावे लागते, म्हणून भाकरी थापणाऱ्या बाईचा चेहरा अखंड त्या धुरात असतो. भाकऱ्या झाल्या की त्याच तापल्या तव्यावर तंबाखूची पाने काळी पडेपर्यंत भाजून हाताने चुरली जातात. ती मिश्री बोटाने दातांना आणि हिरड्यांना लावली जाते, कधी दिवसातून तीन-चार वेळा, कारण ती भूक मारते आणि तरतरी देते. गाडी भरायला केव्हा येईल याचा नेम नसतो, त्यामुळे रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांनी होते. अंग ठेचल्यासारखे झाले की दुकानातली एक वेदनाशामक गोळी घेतली जाते.

या चारही गोष्टी धमनीच्या भिंतीपर्यंत पोचतात. धुरातील अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि तेथील भक्षक पेशी इंटरल्युकिन-६ सोडून साऱ्या शरीराला जागे करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम ठरवली, भारताचे मानक ४० आहे, आणि पालातल्या चुलीपाशी बसलेल्या बाईचा श्वास त्या मानकाच्या हिशेबात धरलेलाच नाही. मिश्रीने सोलवटलेल्या, मागे सरकलेल्या हिरड्यांतून जंतू आणि दाहकारक रेणू रक्तात झिरपत राहतात. हिरड्यांचा हृदयाशी संबंध ऐकून अनेक जण अविश्वासाने पाहतात. त्यांच्यासाठी २००७ ची १२० रुग्णांवरील एक चाचणी बोलकी आहे. हिरड्यांच्या तीव्र रोगावर कसून उपचार केल्यावर पहिल्या दिवशी धमन्यांची सैल होण्याची क्षमता उलट घटली, कारण खरवडताना जंतू रक्तात उसळले. पण सहा महिन्यांनी तीच क्षमता, केवळ वरवरची सफाई केलेल्या रुग्णांपेक्षा, स्पष्टपणे सुधारलेली होती. तोंडातली आग शमली आणि दंडातली धमनी तरुण झाली. तुटक झोपही दाहाची प्रथिने चढती ठेवते. आणि वेदनाशामक गोळीचा विचार पुढे आक्षेपांत करावा लागेल.

याच कुटुंबातील पुढची पिढी पुष्कळदा फड सोडून सुरतेत, लिंबायत, उधना, डिंडोलीच्या वस्त्यांत, यंत्रमागावर किंवा साडीच्या बाजारात स्थिरावते. तिला भाकरीऐवजी मैदा आणि फरसाण सहज मिळते, श्रम घटतात, पोटाचा घेर वाढतो. धूर, तंबाखू आणि रातपाळीची जागरणे तशीच राहतात. त्यांत आता सरपण येऊन पडते. कामरेजपासून सुरतेपर्यंतच्या अवघ्या वीसेक किलोमीटरमध्ये एका घराण्याच्या धमन्या दोन प्रकारच्या दाहांतून जातात आणि दुसरा पहिल्याच्या जागी येत नाही, तो त्यावर चढतो.

६. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सर्वांत भारी आहे. बोलिव्हियाच्या जंगलातील चिमाने लोकांत हृदयधमन्यांचा विकार जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांपेक्षा कमी आढळला. २०१७ मध्ये तपासलेल्या ७०५ प्रौढांपैकी ८५ टक्क्यांच्या हृदयधमन्यांत चुन्याचा कणही नव्हता. याच लोकांत सततच्या संसर्गांमुळे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन मात्र सुमारे निम्म्यांत वाढलेले होते. दाह जर धमनी म्हातारी करतो, तर यांच्या धमन्या तरुण कशा? याचे उत्तर दोन भागांत आहे. त्यांचे एलडीएल सरासरी ९१ च्या आसपास असते आणि दिवसाचा बराच वेळ चालण्या-राबण्यात जातो; ठिणग्या पुष्कळ, पण पेटायला काही नाही. शिवाय त्यांचा दाह वयाबरोबर नव्हे, तर संसर्ग आला की चढतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत इटली आणि सिंगापूर येथे दिसणारा वयाबरोबर चढत जाणारा दाह चिमाने आणि मलेशियाचे ओरांग अस्ली या समाजांत आढळला नाही. म्हणून हे उदाहरण दाहाच्या सिद्धांताला मोडत नाही, त्याला शिस्त लावते : रक्तातील एका प्रथिनाचा आकडा म्हणजे दाह नव्हे, आणि दाह एकटा पुरेसा नव्हे. उलट बाजूनेही हेच दिसते. ज्यांना जन्मतः एलडीएल २८ टक्के कमी ठेवणारा जनुकीय बदल लाभला, त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्क्यांनी कमी असल्याचे २००६ मध्ये दिसले; आणि इंटरल्युकिन-६ चा निरोप जन्मतः मंद ऐकू येणाऱ्यांतही हा विकार कमी असल्याचे २०१२ मध्ये दिसले. निसर्गाने दोन्ही प्रयोग करून ठेवले आहेत.

दुसरा आक्षेप खरे तर आक्षेप नाही, मोह आहे : दाहच कारण असेल तर दाहशामक काही घ्यावे, हळदीचे दूध घ्यावे, गोळ्या घ्याव्या, आणि कोलेस्टेरॉलचे औषध बंद करावे. हा मोह जीवघेणा आहे. रोफेकॉक्सिब ही दाह आणि वेदना उत्तम रीतीने शमवणारी गोळी हृदयविकाराचे झटके वाढवते म्हणून २००४ मध्ये जगभरातून मागे घेतली गेली; डायक्लोफेनॅकसारख्या रोजच्या वापरातल्या गोळ्यांनाही हा दोष कमीअधिक लागू आहे, कारण त्या सांध्यातील ठणका थांबवताना अंतःस्तराचे रक्त गोठू न देणारे रसायनही थांबवतात. फडातला मजूर रात्री ज्या गोळीने अंग हलके करतो, ती त्याच्या धमनीचा दाह विझवत नाही, तिचे रक्षण तेवढे काढून घेते. हळद स्वयंपाकात असावी. कोलेस्टेरॉलच्या औषधाच्या जागी ती ठेवणे म्हणजे रुग्णाशी खेळ आहे.

तिसरा आक्षेप असा की हे सारे सधनांचे शास्त्र आहे. कॅनाकिनुमॅब कोणाला परवडणार? परंतु दाहाची दृष्टी स्वीकारल्यावर उपायांची यादी महाग होत नाही, ती उलट पडावाजवळ येते. धूर न करणारी शेगडी आणि हंगामापुरता गॅस सिलिंडर मिळण्याची सोय. मिश्री सोडवण्याचे काम आणि हिरड्यांची तपासणी. स्वस्तात मोजता येणारे बीपी. वृद्धांना फ्लूची लस, कारण इन्फ्लुएन्झा झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत झटक्याची शक्यता सुमारे सहापट होते, हे २०१८ मध्ये कॅनडात मोजले गेले. नळाच्या दृष्टीत यांपैकी एकही गोष्ट हृदयविकाराचा उपचार ठरत नाही. म्हणूनच ती दृष्टी केवळ अपुरी नाही, अन्यायकारक आहे : ती आजाराचा शोध अँजिओग्राफीच्या टेबलापासून सुरू करते, जेथे पोचेपर्यंत ऊसतोड मजुराची सारी उचल संपलेली असते.

७. इलास्टिनचा हिशेब

एक बाब राहते आणि तिच्याबद्दल कोणताच युक्तिवाद दिलासा देत नाही. धमनीतले बहुतेक इलास्टिन गर्भावस्थेच्या अखेरच्या महिन्यांत आणि बालपणात विणले जाते. त्यानंतर शरीर ते जवळजवळ बनवतच नाही, आणि विणलेले तंतू अनेक दशके टिकतात. नंतर तुटले तर त्याच्या जोडीचे दुसरे मिळत नाही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो; कमी वजनाच्या त्या देहांत स्नायू तुटपुंजे होते, चरबी मात्र तुलनेने राखलेली होती. गर्भात ज्याला कमी मिळाले, त्याच्या धमनीलाही ताग्यात कमीच सूत मिळण्याचा धोका असतो.

कामरेजच्या पडावावर बायका फडात गेल्यावर तान्ही मुले मागे राहतात. पालाच्या कळकाला जुन्या साडीची झोळी बांधलेली असते, तिला चार-पाच वर्षांची बहीण झोका देत असते आणि तीन दगडांच्या चुलीत राहिलेले निखारे धुमसत असतात. त्या झोळीतल्या मुलाच्या महाधमनीचे इलास्टिन याच महिन्यांत विणले जात असते, आणि पुढची साठ-सत्तर वर्षे त्याला तेवढेच पुरवायचे असते.